मण्यांची विणीव पोंची



लग्नाच्या रुखवतांत मांडलेलें मण्यांचें तोरण किंवा मण्यांनीं मढविलेला नारळ तुम्हीं पाहिला असेल. अशा वस्तु बहुधा सुईदोऱ्यानें हातांवरच ओवलेल्या असतात. सौराष्ट्रांतील प्रसिद्ध मोतीभरतही मागावांचून, केवळ सुईनें होतें. आज ज्या पोंचीची कृति सांगावयाची आहे, ती मात्र एका लहानशा मागावर विणली जाते. कापडांत जसा ताणा व बाणा असतो, तसाच तो हिच्यांतही असतो. भेद इतकाच, कीं बाण्याच्या दोऱ्यांत मणी ओवलेले असतात. माग घरच्या घरीं तयार होतो, साहित्य थोडें लागतें, आणि सुट्टीच्या तीन-चार दुपारींत काम पुरें होतें.

माझी पहिली पोंची मीं वयाच्या अकराव्या वर्षीं विणली. त्या वेळीं आई आजारी असून तालुक्याच्या गांवीं रुग्णालयांत होती. ती जाण्याच्या आदल्या रात्रीं, ती निजली असतां, तिच्या मनगटाभोंवतीं काळा दोरा गुंडाळून मीं माप घेऊन ठेवलें होतें. दीड महिन्यानें ती घरीं आली. मीं पितळेचा आंकडा अडकवून पोंची तिच्या हातांत घातली. पदर सांवरण्यासाठीं तिनें हात वर केला, तों ती पोंची सरकत कोपरापाशीं जाऊन थांबली. मण्यांत चूक नव्हती, मापांतही नव्हती. दीड महिन्यांत हातच बारीक झाला होता. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें पोंची काढून उशाशीं ठेवली. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. परंतु या लेखांत विणकामाइतकेंच महत्त्व पोंचीच्या बंदास कां दिलें आहे, हें आतां तुमच्या ध्यानीं येईल.

मणी विणण्याची कला हा केवळ फावल्या वेळचा खेळ नव्हे. उत्तर अमेरिकेंतील हौदेनोसौनी लोक, ज्यांस इरोक्वाय असेंही म्हणतात, शंखशिंपल्यांपासून केलेल्या पांढऱ्या व जांभळ्या मण्यांचे पट्टे विणीत. या मण्यांस 'वाम्पम' असें नांव आहे. करारमदार आणि सभेंतील महत्त्वाचे ठराव स्मरणांत राहावेत म्हणून हे पट्टे विणले जात. त्यांतील 'हायावाथा पट्टा' विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या मध्यभागीं एक झाड व दोहों बाजूंस दोन दोन चौकोन असून, पांच राष्ट्रांनीं एकत्र येऊन केलेला संघ त्यांत दाखविला आहे. हा पट्टा ३८ मणी रुंद असून त्याच्या लांबींत १७३ ओळी आहेत. गुणाकार करून पाहा: एकूण ६,५७४ मणी! त्यांपैकीं ८९२ पांढरे व ५,६८२ जांभळे आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयांत बरींच वर्षें राहिलेला हा पट्टा १९८९ सालीं इतर अकरा पट्ट्यांसह त्या संघांतील ओनोंडागा लोकांस परत देण्यांत आला. आपली पोंची त्याच्यापुढें अगदींच लहान. परंतु आधीं हिशेब व मग सुई, हा नियम दोहोंसही सारखाच आहे.

साहित्य

कांचेचे बारीक मणी बाजारांत नंबरानें मिळतात. नंबर जितका मोठा तितका मणी लहान. नवशिक्यानें ११ नंबरचे गोल मणी घ्यावेत. त्यांची जाडी सुमारें २ मिलिमीटर असते. मणी ताटांत पसरून, तांदूळ निवडतों त्याप्रमाणें निवडावेत. फार जाड, फार चपटे किंवा छिद्र बुजलेले मणी बाजूस काढावेत. एक जाड मणी ओळींत गेला, तर पट्टीची कड तेवढ्यापुरती बाहेर येते, आणि ती मग कितीही ओढलें तरी आंत जात नाहीं.

दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, बारीक पण बळकट असावा. साधा सुती दोरा वापरूं नये, कारण कांचेच्या मण्याच्या छिद्राची कड धारदार असते व ती सूत हळूहळू कापते. दोऱ्यावरून एकदां मधमाशांच्या मेणाचा खडा फिरविला म्हणजे दोरा गुंतत नाहीं. मणी ओवण्याची लांब व बारीक सुई, कात्री, मोजपट्टी, चौकडीचा कागद आणि बंदासाठीं सुमारें १ मिलिमीटर जाडीची रेशमी अथवा पॉलिएस्टरची ४० सेंटिमीटर दोरी, इतकें साहित्य पुरे.

मागाची चौकट

३० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद अशी लांकडी फळी घ्यावी. तिच्यावर, परस्परांपासून २० सेंटिमीटर अंतरावर, सुमारें ४ सेंटिमीटर उंचीचे दोन ठोकळे आडवे ठोकावेत. जुन्या कंगव्याचे दोन तुकडे करून, दांत वर येतील अशा रीतीनें, एकेक तुकडा प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्यावर घट्ट चिकटवावा. फळीच्या दोन्ही टोंकांस, ठोकळ्यांच्या बाहेरील बाजूस, एकेक खिळा अर्धा वर राहील असा ठोकावा. झाला माग तयार! कंगव्याचे दांत ताण्याचे दोरे वेगवेगळे ठेवतात आणि खिळे त्यांस ताणून धरतात.

हिशेब

प्रथम मनगटाचें माप घ्यावें. तें १५ सेंटिमीटर भरलें असें धरूं. पट्टी पूर्ण १५ सेंटिमीटर विणावयाची नाहीं; बंदासाठीं जागा सोडली पाहिजे. आपण ती अशी वांटूं: मण्यांचा भाग ११ सेंटिमीटर, त्याच्या दोन्ही टोंकांस नुसत्या दोऱ्याची अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरची विणीव कड, कडेपासून गांठीपर्यंत निमुळते होत जाणारे दोरे दोहों बाजूंस एकेक सेंटिमीटर, आणि मधला सरकता बंद १ सेंटिमीटर. एकूण ११ + १ + २ + १ = १५.

आतां ओळी मोजूं. मागावर मण्याचें छिद्र पट्टीच्या रुंदीच्या दिशेनें राहतें, म्हणून लांबींत प्रत्येक ओळ मण्याच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारें २ मिलिमीटर जागा घेते. ११ सेंटिमीटरांस ५५ ओळी. प्रत्येक ओळींत ९ मणी घेतल्यास ५५ × ९ = ४९५ मणी लागतील. तुमचे मणी किंचित् लहान-मोठे असतील, म्हणून आधीं दहा ओळी विणून त्यांची लांबी मोजावी व त्यावरून ओळींची संख्या ठरवावी.

ताण्याचे दोरे मण्यांहून नेहमीं एकानें अधिक लागतात. हाताच्या पांच बोटांमध्यें चारच फटी असतात, तसेंच हें. ९ मण्यांस १० दोरे. पट्टीच्या दोन्ही कडांवर ओढ अधिक बसते, म्हणून कडेचे दोरे दुहेरी घ्यावेत. याप्रमाणें एकूण १२ दोरे, प्रत्येकी ६० सेंटिमीटर लांबीचे कापावेत.

नक्षी

चौकडीच्या कागदावर ९ घरें रुंद व ५५ घरें लांब असा पट्टा आंखावा आणि त्यांत रंग भरावा. सोपी नक्षी म्हणजे निळ्या भूमीवर पांढरी चौफुली. तिच्या सात ओळींत पांढरे मणी अनुक्रमें १, ३, ५, ७, ५, ३, १ असे येतात. म्हणजे एका चौफुलीस २५ मणी. आरंभीं ४ ओळी निळ्या, मग सहा चौफुल्या, दर दोहोंमध्यें एक निळी ओळ, आणि शेवटीं पुन्हां ४ निळ्या: ४ + ४२ + ५ + ४ = ५५. पांढरे मणी १५० व निळे ३४५ लागतील. २८ वी ओळ बरोबर मध्यभागीं, निव्वळ निळी येते. तेथें पोंचलां कीं थांबून ताडून पाहावें. तीन चौफुल्या पुऱ्या होऊन निळी ओळ आली नसेल, तर मोजण्यांत कोठेंतरी चूक झाली असें समजावें.

एक गोष्ट लक्षांत असावी. कागदावरील घर चौकोनी असतें, परंतु विणलेल्या मण्याची जागा तशी नसते. ती रुंदीपेक्षां लांबींत थोडी अधिक असते. म्हणून कागदावर काढलेलें वर्तुळ पोंचीवर लांबट दिसतें.

ताणा लावणें

बाराही दोऱ्यांची एका टोंकाशीं गांठ मारून ती एका खिळ्यास अडकवावी व सुमारें १५ सेंटिमीटर लांबी खिळ्याभोंवतीं गुंडाळून ठेवावी. ही लांबी पुढें वेणीसाठीं लागेल. मग एकेक दोरा कंगव्याच्या दांतांतून घालून समोरच्या कंगव्यांतील त्याच क्रमाच्या दांतांतून काढावा. कडेच्या फटींत दोन दोन दोरे घालावेत. दोन दोऱ्यांमध्यें एक मणी सहज बसेल इतकें अंतर असावें. शेवटीं सर्व दोरे एकत्र ओढून दुसऱ्या खिळ्याभोंवतीं गुंडाळून बांधावेत. ताण सर्वांचा सारखा असला पाहिजे. बोटानें छेडून पाहावें. एखादा दोरा सैल वाटल्यास ताणा सोडून पुन्हां लावावा. येथें दहा मिनिटें अधिक गेलीं तरी चालेल, कारण सैल राहिलेला एक दोरा पुढें सबंध पट्टी वांकडी करतो.

विणणें

बाण्याचा दोरा दीड मीटर घ्यावा. असे दोन तुकडे पुरतात. त्याचें एक टोंक डाव्या कडेच्या ताण्यास बांधून १५ सेंटिमीटर शेंपूट मोकळें ठेवावें. प्रथम मण्यांवांचून, एक ताणा वर, एक ताणा खालीं अशा रीतीनें दहा-बारा फेरे विणून अर्ध्या सेंटिमीटरची कड करावी. कडेचे दोन दोरे येथें एकच समजावेत.

आतां पहिली ओळ. नक्षी पाहून नऊ मणी सुईंत ओवावेत. सुई ताण्याच्या खालून डावीकडून उजवीकडे न्यावी. डाव्या हाताचें बोट खालून लावून मणी वर उचलावेत, म्हणजे दोन दोन ताण्यांमध्यें एकेक मणी येऊन बसेल. बोट तसेंच ठेवून सुई उजवीकडून डावीकडे त्याच नऊ मण्यांतून परत काढावी. परंतु या वेळीं ती सर्व ताण्यांच्या वरून गेली पाहिजे. दोरा हळूच ओढून ओळ मागच्या ओळीस भिडवावी.

पहिला फेरा खालून, दुसरा वरून: एवढाच या विद्येचा सारांश आहे. दोहों फेऱ्यांच्या मध्यें ताण्याचा दोरा पकडला जातो व मणी जागच्या जागीं राहतात. पोंची पाहणारा मण्यांचे रंग पाहतो. दोरा त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. तरी पोंची टिकते ती त्या न दिसणाऱ्या दोऱ्यावरच.

चूक कशी ओळखावी

परतीच्या फेऱ्यांत सुई एखाद्या ताण्याच्या वरून न जातां खालून गेली, तर तो ताणा मोकळाच राहतो. वरून पाहतां कांहीं दिसत नाहीं. म्हणून प्रत्येक ओळ झाल्यावर नखानें मणी हळूच हलवून पाहावेत. जेथें दोन मणी ताण्यापासून सुटे हलतील, तेथें चूक आहे. त्याच क्षणीं सुई काढून घेऊन, दोरा मागें ओढून ओळ पुन्हां विणावी. दुसरी चूक याहून वाईट. सुई परत नेतांना ताण्याच्या दोऱ्यांतच घुसते. मग ओळ उसवूं म्हटलें तरी उसवत नाहीं. सुई ताण्यास टेकूं न देतां मण्यांच्या वरच्या अंगानें सरळ न्यावी, म्हणजे हा प्रसंग येत नाहीं.

दोरा संपत आल्यास मण्यांमध्यें गांठ मारूं नये. गांठीनें छिद्र बुजतें. जुना दोरा मागच्या तीन-चार ओळींतून उलटसुलट फिरवून कापावा, आणि नवा दोरा त्याच रीतीनें आणून विणकाम पुढें चालू करावें.

येथें पालकांस एक विनंती. मूल ओळ चुकलें, तर ती आपल्या हातानें उसवून देऊं नये. चूक कोठें आहे हें दाखवावें व उसविण्याचें काम त्याच्याकडूनच करवावें. पहिल्या पोंचींत दहा ओळी उसवणारें मूल दुसऱ्या पोंचींत दोनही उसवीत नाहीं. मात्र घरांत रांगतें मूल असल्यास मण्यांचें ताट त्याच्या हातास लागणार नाहीं अशा जागीं ठेवावें.

शेवट बांधणें

५५ ओळी झाल्यावर आरंभाप्रमाणेंच अर्ध्या सेंटिमीटरची दोऱ्याची कड विणावी व बाण्याचें टोंक मागील ओळींत लपवावें. आरंभीं ठेवलेलें शेंपूटही तसेंच लपवावें. मग खिळ्यांवरून ताणा सोडून पट्टी मागावरून काढावी. एका टोंकाचे बाराही दोरे एकत्र धरून, कडेपासून १ सेंटिमीटर अंतरावर गांठ मारावी; कड व गांठ यांच्यामध्यें दोरे पंख्यासारखे दिसतात. गांठीपुढें चार चार दोऱ्यांचे तीन पेड करून ५ सेंटिमीटर वेणी घालावी व तिच्या शेवटीं तात्पुरती सैल गांठ ठेवावी. दुसऱ्या टोंकासही असेंच करावें. दोन्ही वेण्या सारख्या लांबीच्या असाव्यात.

सरकता बंद

आपल्याकडील ठुशी गळ्यांत घालतांना मागील दोऱ्याचा बंद सरकवून ती सैल किंवा घट्ट करतात, हें पुष्कळांच्या घरीं पाहावयास मिळतें. तेंच तत्त्व येथें आहे.

पोंची वर्तुळाकार करून दोन्ही वेण्या एकमेकींशेजारीं, परंतु उलट दिशांनीं जातील अशा ठेवाव्यात. बंदाची ४० सेंटिमीटरची दोरी घेऊन तिचा मध्य दोन्ही वेण्यांच्या खालीं आणावा, म्हणजे २० सेंटिमीटर डावीकडे व २० उजवीकडे राहतील. डावें टोंक वेण्यांवरून उजवीकडे न्यावें. डावीकडे त्याचा एक फांस राहील. उजवें टोंक या टोंकाच्या वरून आणून, वेण्यांच्या खालून डावीकडे न्यावें व त्या फांसांतून वर काढावें. दोन्ही टोंकें ओढावीं. ही अर्धी गांठ झाली. आतां हेंच उजव्या बाजूनें आरंभ करून उलट करावें, म्हणजे चौकोनी गांठ पुरी होते. अशा गांठी एकापुढें एक मारीत १ सेंटिमीटर लांबीचा बंद करावा. दर गांठीनंतर वेणी ओढून पाहावी: जरा जोर लावतांच सरकली पाहिजे, आपोआप मात्र सरकतां कामा नये. शेवटीं दोरीचीं टोंकें सुईनें बंदाच्या आंतून मागें घेऊन कापावींत. दोरी पॉलिएस्टरची असल्यास घरांतील मोठ्या माणसानें टोंकास किंचित् ऊब देऊन तें वितळवावें. वेण्यांच्या टोंकांच्या तात्पुरत्या गांठी सोडून, प्रत्येकींत दोन मणी ओवून पक्की गांठ मारावी. मग वेणी बंदांतून निसटत नाहीं.

आतां हिशेब ताडून पाहूं. बंद पूर्ण आवळला असतां घेर १५ सेंटिमीटर होतो. पूर्ण सैल केला असतां पट्टी व पंखे मिळून १४, दोन वेण्या १०, त्यांतून बंदांत दोनदां मोजलेला १ सेंटिमीटर वजा. म्हणजे २३ सेंटिमीटर. अंगठा आंत दुमडलेल्या हाताचा घेर सुतळीनें मोजून पाहा. तो २० सेंटिमीटर भरला तरी पोंची सहज आंत जाईल. हात अधिक बारीक असल्यास ओळी तेवढ्या कमी कराव्यात.

हा बंद मला आमच्या गांवच्या पटवेकरी काकांनीं शिकविला. आईची पोंची घेऊन मीं त्यांच्या ओट्यावर गेलें व आंकडा जरा आंत सरकवून द्या म्हणून सांगितलें. त्यांनीं पोंची उलटून पालटून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, विणली आहेस चांगली. पण आंकडा आज आंत घेतला आणि आईचा हात भरून आला, म्हणजे मग काय करशील?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, हात पुन्हां भरेल असा विचार त्या दिवसांत आमच्या घरांत कोणी बोलून दाखविला नव्हता. काकांनीं दोन्ही आंकडे कापून टाकले, कडेस रेशमी दोऱ्याच्या वेण्या जोडल्या, आणि सरकत्या गांठी मारून दाखविल्या. एक त्यांनीं मारावी, उसवावी, मग मीं मारावी, असें दिवेलागणीपर्यंत चाललें.

त्या संध्याकाळीं पोंची आईच्या हातांत घालून मीं बंद पूर्ण आवळला. दोन्ही वेण्यांचीं टोंकें लांब लोंबत होतीं. पुढें दर रविवारीं मीं बंद सरकवून पाहत असें. श्रावणांत एकदां आईनें स्वतःच हात पुढें केला व म्हणाली, "घट्ट होते ग आतां, जरा सैल कर." मीं बंद सैल केला, लोंबणारीं टोंकें तेवढीं आखूड झालीं. दिवाळीपर्यंत असें आणखी दोन वेळां करावें लागलें.

तेव्हां, मित्रहो, पोंची ज्याच्यासाठीं विणाल त्याच्या हाताचें माप अवश्य घ्या; आणि तो हात पुढें बारीक होईल, भरेल किंवा वाढेल, त्यासाठीं वेणींत थोडी जागाही ठेवा. या सुट्टींत एक पोंची घरांतील कोणासाठीं तरी विणून पाहा. पहिली वांकडी झाली तरी ती टाकून देऊं नका. दुसरी विणतांना ती समोर ठेवावी, म्हणजे हात कोठें चुकला होता हें तिच्याइतकें स्पष्ट दुसरें कोणीही सांगणार नाहीं.